नवरात्रातला पूर आणि इंदूरचे पाहुणे

त्या रविवारी मला बघायला पाचवं स्थळ येणार होतं. नवरात्राचा तिसरा दिवस होता. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते, आमच्याकडे शेतांत सोयाबीन कापून पडलेलं होतं आणि बाजारात गरब्याचा मंडप उभा राहिला होता. पावसाची आठवण काढायचं कोणालाही काही कारण नव्हतं.

आमचं गाव इंदूरहून महूमार्गे दीडेक तासावर आहे. गाव म्हणायचं, पण आहे कसबाच. तहसील, सरकारी दवाखाना, दोन शाळा, एक लांबलचक बाजार आणि बाजाराच्या पाठीमागून वाहणारी एक नदी. ती एरवी इतकी बारीक असते की पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. माझे पणजोबा संस्थानी काळात कारकून म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. बाबा नगर परिषदेतून निवृत्त झाले होते, आई घरीच असायची आणि मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. वय सत्तावीस. आईच्या मते ते तीसच होतं.

पाहुणे इंदूरच्या राजेंद्र नगरचे. मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करत होता. त्याचे वडील नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. आई गृहिणी, पण बायोडेटाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘घरातील वातावरण शिस्तीचे.’ ते वाक्य वाचून मी बाबांना म्हणाले होते की मग आपण उभ्यानेच बोलू. बाबा हसले, आई हसली नाही.

सकाळपासून आभाळ भरलं होतं, पण दहा वाजता पाहुण्यांची गाडी आली तेव्हा नुसती भुरभुर होती. काकांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, गाडी तहसीलच्या चढावर लावली, कारण आमच्या गल्लीत ती वळत नव्हती. हा त्या दिवशी त्यांच्या हातून झालेला सगळ्यांत शहाणपणाचा उद्योग. त्याची आई, म्हणजे काकू, हिरव्या रेशमी साडीत होत्या, केसांवर पाण्याचा एक थेंब पडला तो त्यांनी रुमालाने टिपला. त्यांचे नऊ दिवसांचे उपास चालू होते. आईने इतरांसाठी वर शेव आणि जीरावनचा मसाला भुरभुरून पोहे केले होते आणि काकूंसाठी साबुदाण्याची खिचडी. काकूंनी ती दोन चमचे खाल्ली, छान झालीय म्हणाल्या आणि बशी बाजूला ठेवली.

मग नेहमीचं सुरू झालं. काकांनी शाळेबद्दल विचारलं. काकूंनी स्वयंपाकाबद्दल विचारलं. मुलगा चष्मा पुसत होता आणि मधूनमधून खिडकीबाहेर बघत होता. त्याला माझ्यापेक्षा पावसातच जास्त गोडी आहे असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. त्याने मला एकच प्रश्न विचारला, आवड काय. मी वाचन म्हणाले. त्याने मान हलवली.

एवढ्यात पावसाचा आवाज बदलला. पत्र्यावर कोणी गोणीभर चणे ओतावेत तसा तो आला आणि मग थांबलाच नाही. समोरच्या घराचा ओटला दिसेनासा झाला. आम्ही सगळे अर्धा तास गप्प बसलो, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं आणि बघण्याच्या कार्यक्रमात ओरडायचं कसं हा प्रश्न होता. बाराच्या सुमाराला जरा कमी झाल्यासारखं वाटलं तेव्हा काकू उठल्या. हळदीकुंकू झालं, आईने खण-नारळ दिला. काका आणि मुलगा छत्री घेऊन गाडी बघायला गेले आणि पाऊण तासाने चिंब होऊन परत आले. गावाबाहेरच्या पुलियावर, त्या बुटक्या पुलावर, कमरेएवढं पाणी होतं. तिथे अर्धं गाव जमून पाणी बघत उभं होतं आणि काकांनी तरीही गाडी काढायचा विचार बोलून दाखवल्यावर एका अनोळखी माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “भिया, आज तो यहीं की रोटी लिखी है.”

काकू पुन्हा खुर्चीवर बसल्या. या वेळी अगदी टोकावर.

आमच्या घराला रस्त्यापासून सहा पायऱ्या आहेत. बाबांनी पाहुण्यांना सांगितलं की गेल्या चाळीस वर्षांत पाणी तिसऱ्या पायरीच्या वर आलेलं नाही. ते हे सांगत असतानाच आईने मला स्वयंपाकघरातून हाक मारली. न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. काळं, बुडबुडे काढत, अगदी सावकाश. मी बाबांना हळूच बोलावलं. बाबांनी मोरीकडे बघितलं, दारात जाऊन पायऱ्यांकडे बघितलं आणि परत येऊन पाहुण्यांना म्हणाले, “मंडळी, माफ करा, पण जरा हात लावावा लागेल.”

त्या एका वाक्यासरशी बघण्याचा कार्यक्रम संपला.

वर आमच्या दोन खोल्या आहेत, त्यांच्यापुढे पत्र्याची मोठी पडवी आणि मग गच्ची. वर जायचा जिना अंगणातून, दगडी आणि चांगला रुंद आहे. खालून वरपर्यंत आम्ही रांग लावली. आधी देव, मग गॅसची टाकी, मग डाळी-तांदळाचे डबे, बाबांची कागदपत्रं, माझ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका. काकूंनी पदर खोचला, बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि पर्स आमच्या देवाजवळ ठेवून दिली. वर्षाचे गहू आम्ही नुकतेच भरले होते. ती पोती मी आणि तो, असे दोघांनी मिळून वर नेली. पहिल्या पोत्याला तो मला म्हणाला की तुम्ही राहू द्या, मी करतो. दुसऱ्या पोत्याला काहीच म्हणाला नाही. तिसऱ्या पोत्याला जिन्याच्या मध्यावर दम खायला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, वाचन म्हणजे काय वाचता? मी म्हटलं, काहीच नाही, शाळेतून आले की झोपते. तो हसला तो पहिल्यांदा. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरतो हे मला तेव्हा दिसलं.

साबुदाण्याचा डबा मात्र खालच्या फडताळात राहिला. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा तो पाण्यावर तरंगत न्हाणीघराकडे निघाला होता.

चारच्या सुमाराला पाणी पाचव्या पायरीवर होतं आणि त्याच वेळी मला माँजी आठवल्या. आमच्या मागच्या बाजूला, सखल जागेत, एक म्हातारी एकटी राहायची. सगळा मोहल्ला तिला माँजी म्हणायचा. मुलं सुरतेला, नवरा कधीच गेलेला आणि घरात दुसरा जीव म्हणजे एक म्हैस. मी गच्चीच्या कठड्यावरून डोकावून बघितलं. माँजी गोठ्याच्या दारात, कमरेएवढ्या पाण्यात, म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या. मी हाका मारल्या. त्यांनी वर बघून सांगितलं की म्हशीला सोडून ‘म्हूँ नी जउँ’, मी जायची नाही. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की त्यांना समजावण्यात अर्थ नाही हे मला कळलं.

मी खाली उतरायला लागले तर तो माझ्यामागे आला. आई नको नको म्हणत होती. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. अंगणात पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं, ओढ फारशी नव्हती, पण पायाखालचं काही दिसत नव्हतं. मागचं दार उघडून आम्ही माँजींच्या अंगणात गेलो. म्हशीला सोडून देऊन पोहत जाऊ द्यावं असं त्याने सुचवलं. माँजींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच म्हणाला, बरं, मग वर नेऊ.

दोरी त्याने धरली. पण हात लांब करून, स्वतः होईल तेवढा दूर राहून. मी विचारलं, घाबरलात का? तो म्हणाला, हो, आणि पाण्याला नाही. म्हैस इतक्या जवळून त्याने कधी बघितलीच नव्हती. पण दोरी त्याने सोडली नाही. माँजी सरकीच्या पेंडीची टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालल्या, तोंडाने एक विशिष्ट आवाज काढत, आणि म्हैस त्या आवाजामागे निघाली. जिन्यापाशी ती अडली. पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून विचार करत उभी राहिली. मी मागून ढकलायला गेले, माँजींनी हातानेच थांबवलं. त्या दोन पायऱ्या वर चढल्या, टोपली खाली धरली, पुन्हा आवाज काढला. म्हैस चढली. एक पायरी, थांब, दुसरी पायरी, थांब. काका आणि बाबा वरून बघत होते, आणि नगर परिषदेतल्या माणसाला साजेल असा प्रश्न बाबांनी विचारला, स्लॅबला हे वजन चालेल ना? ड्रॉइंगवाल्याने खालून सांगितलं की चालेल. नंतर त्याने मला कबूल केलं की तो अंदाज होता.

म्हैस पडवीत पोचली, पण शेवटच्या पायरीवर माँजींचा पाय घसरला. त्या डाव्या अंगावर पडल्या आणि मनगट सुजून आलं. आईने हळद लावून जुन्या ओढणीने हात बांधला. माँजी मनगटाकडे बघतही नव्हत्या, त्यांचा जीव म्हशीत होता. दूध काढायची वेळ टळून चालली होती, सड भरले होते, म्हैस पाय आपटायला लागली होती, आणि एका हाताने तिची धार काढणं काही जमण्यासारखं नव्हतं. माँजी माझ्या आईला म्हणाल्या, तू बस. आई बिचारी बसली. म्हशीने पहिल्याच हाताला असा पाय झाडला की आई चरवीसकट मागे सरकली. मग मी प्रयत्न केला, माझ्याही वाट्याला एक शेपटीचा फटका आला.

तेव्हा काकू उठल्या. हिरवी साडी त्यांनी मगाशीच बदलली होती आणि आईचं जुनं सुती पातळ नेसल्या होत्या. त्यांनी कासोटा मारल्यासारखं पातळ वर खोचलं, माँजींकडून चरवी घेतली, तांब्याभर पाण्याने कास धुतली आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून बसल्या. दोन मिनिटं नुसत्या तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग चरवीत पहिली धार वाजली. मग दुसरी. मग तो लयीतला आवाज सुरू झाला. तो ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय सांगू. त्या मुलाचं तोंड उघडं राहिलं होतं. तो आईकडे बघत होता, जणू तिला पहिल्यांदाच कोणी त्याच्यासमोर आणून उभं केलं होतं.

चरवी भरल्यावर काकू उठल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, “लग्नाआधी आमच्याकडे सात होत्या. मी आणि माझी बहीण, दोघींनी वाटून घेतल्या होत्या.”

खंडव्याकडच्या एका खेड्यात त्या वाढल्या होत्या. इंदुरात लग्न करून आल्या तेव्हा सासूने सांगितलं की इथे गोठ्याच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, लोक गावंढळ म्हणतील. तेव्हापासून त्यांनी सांगितल्या नव्हत्या, मुलालासुद्धा नाही. काकांना माहीत होतं, पण तीस वर्षांत बघायला मात्र काही मिळालं नव्हतं. ते कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटले, जसं काही त्यांनीच शिकवलं होतं. माँजींनी चरवीत डोकावून बघितलं, फेस बघितला आणि काकूंच्या डोक्यावरून आपला धड हात फिरवला.

त्या संध्याकाळी साबुदाणा गेल्यामुळे उपासवाल्या काकूंसाठी दूध आणि आमच्या झाडाची दोन केळी एवढंच होतं. त्यांनी ते असं चवीने घेतलं की सकाळच्या खिचडीचा आईचा सगळा राग गेला. उरलेलं दूध गच्चीवरून गच्चीवर फिरलं. शेजारच्यांकडे चहापत्ती होती, दूध नव्हतं. पलीकडच्यांकडे तान्हं बाळ होतं. दोरीला डोलची बांधून आम्ही दूध सोडत होतो आणि डोलची परत येताना कधी बटाटे, कधी शेवेचं पाकीट, एकदा माचिस आणि कणकेचे गरम बाफले घेऊन येत होती. वीज नव्हती, मोबाइलला नेटवर्क नव्हतं. अंधार पडायच्या आतच आम्ही बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत आणि म्हैस पडवीत अशी व्यवस्था लागली.

सकाळी पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. मी गच्चीवर गेले तर सगळं गाव गच्चीवर होतं. खाली बाजारात चहाच्या रंगाचं पाणी होतं, त्यात गरब्याच्या मंडपाचे बांबू आणि रंगीत कापडं तरंगत होती, कापडाच्या दुकानाची पाटी तेवढी वर होती. नुकसान किती झालं असेल ते प्रत्येकाला दिसत होतं, पण करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लोक गप्पा मारत होते. कोणाचं माणूस गेलं नाही हे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सांगत सांगत आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा बाबांनी हात जोडले. मग कोणीतरी आरती सुरू केली. ती गच्चीगच्चीवर पसरत गेली, पण प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी ऐकून सुरू केल्यामुळे पहिल्या गच्चीचं शेवटचं कडवं चाललं असताना शेवटच्या गच्चीचं पहिलंच चाललं होतं. काका म्हणाले, ऐसी आरती तर देवीनेही ऐकली नसेल यार. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुपारी एक सरकारी बोट आली आणि आजारी माणसं, गरोदर बायका यांना घेऊन गेली. माँजींना बोटवाले नेतो म्हणाले. माँजींनी म्हशीकडे बोट दाखवलं. बोट निघून गेली.

त्याच दुपारी मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते. दुसरं करायचं काय? तो येऊन टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसला. थोडा वेळ त्याने माझ्या लाल पेनाकडे बघितलं, आणि मग म्हणाला, “खरं सांगू? मी इथे यायलाच तयार नव्हतो.”

मी म्हटलं, “मीही बसायला तयार नव्हते.”

त्यावर आम्ही दोघेही बरेच मोकळे झालो. त्याने सांगितलं की याआधीच्या दोन घरी त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, तुम्ही पेपर तरी काढत होता, आम्ही मुली नुसत्या बसत होतो. मग त्याने विचारलं, तुम्हाला काय हवंय? हे मला आधीच्या चार स्थळांपैकी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून माझ्याकडे तयार उत्तरही नव्हतं. जे मनात होतं ते बोलून गेले. मला ही शाळा सोडायची नव्हती. माझ्या नववीच्या वर्गात अकरा मुली अशा होत्या, ज्या अकरावीला गणित घेणार होत्या. आमच्या शाळेत त्याआधी एका वर्षी दोनपेक्षा जास्त मुलींनी ते घेतलं नव्हतं. त्यांना मध्येच सोडून मी इंदूरला जाऊन नवीन शाळेत पहिल्यापासून सुरुवात करणार नव्हते. लग्न नाही झालं तरी चालेल, असंही मी म्हणाले, जरा मोठ्यानेच. माँजींनी वळून बघितलं.

पाण्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची वाहत चालली होती, ती वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.

“राजेंद्र नगरपासून एक तास वीस मिनिटं लागतात,” तो म्हणाला. “महूपर्यंत माझाही रस्ता तोच. पण दगदग तुमची होणार, तेव्हा ठरवायचं तुम्ही.”

मला हे उत्तर आवडलं. त्याने चालेल म्हटलं नाही, बघू म्हटलं नाही, आई काय म्हणेल तेही म्हटलं नाही. पण मी ते त्याला सांगितलं नाही. मी पुढचा पेपर घेतला. त्याने न विचारता बेरजा करायला एक गठ्ठा उचलला आणि तिसऱ्याच पेपरात माझी एक मार्काची चूक काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं आणि चिखल उरला. खालच्या घरात घोट्याएवढा, गुळगुळीत, वास मारणारा. सगळे आपापलं घर उपसायला लागले. माँजींना आपला गोठा साफ करून म्हैस खाली न्यायची होती, आणि इथे नवीनच अडचण आली. म्हैस जिना चढली होती, पण उतरायला तयार नव्हती. पेंडीची टोपली दाखवली, आवाज काढला, शेजारचे चार जण आले, दोरी लावली. ती पायरीपाशी यायची, खाली बघायची आणि मागे वळून पडवीत जाऊन बसायची. काकूंनी समजावून सांगितलं की म्हशीला उतरताना पुढचा पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, तिला उतार पाहिजे, पायऱ्या नकोत.

मग ड्रॉइंगवाल्याला काम मिळालं. त्याने माझ्या एका कोऱ्या पुरवणीवर जिन्याची मापं घेऊन चित्र काढलं, किती लांबीचा उतार लागेल ते मांडलं आणि मी त्याचा हिशेब तपासला. बरोबर होता. मोहल्ल्यातल्या लोकांनी रिकामी पोती आणली. चिखल भरून ती पायऱ्यांवर रचली, दोन जुनी दारं वर टाकली, त्यावर माती आणि भिजलेलं सोयाबीनचं भूस पसरलं. ते भूस बघून एक शेतकरी म्हणाला की चला, माझं पीक कशाला तरी उपयोगी पडलं. तो हसला, म्हणून बाकीचेही हसले, पण बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

काम दुपारपर्यंत चाललं. बघायला इतके लोक जमले की कोणीतरी सगळ्यांसाठी चहा केला. काकू म्हशीच्या डोक्याशी, माँजी पुढे आणि तो बाजूला, दारं सरकू नयेत म्हणून खांदा लावून. म्हशीने उतारावर एक पाय ठेवला, दाबून बघितला, आणि मग अशी ऐटीत चालत खाली आली की जणू सकाळपासूनचा हट्ट दुसऱ्याच कोणी केला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खांद्यापासून पायापर्यंत चिखलात माखला होता, चष्म्याची एक काडी तुटली होती, आणि मी त्याच्याकडे बघत होते ते काकूंनी बघितलं.

पुलिया मोकळी झाल्याचं कळल्यावर पाहुणे निघाले. हिरवी साडी नेसायला काकूंनी नकार दिला. आईच्या पातळावरच जाते, नंतर परत करीन म्हणाल्या. ते पातळ त्यांनी अजून परत केलेलं नाही. निघताना बाबा जरा घुटमळले. मुलीच्या बापाने विचारायचं ते कसं विचारावं याची त्यांची जुळवाजुळव चालली होती. काकूंनी त्यांना ती करू दिली नाही. माझ्याजवळ आल्या, माझे चिखलाचे हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, “आलो होतो आम्ही तुला बघायला, पण तीन दिवस तूच आम्हाला बघितलंस. आता काय ते तू सांग. घाई नाही.”

तो उरलेला आठवडा मी चिखल काढण्यात घालवला. घरातला दोन दिवसांत निघाला, शाळेतला निघेना. खालच्या मजल्यावरचं वाचनालय गेलं होतं. आम्ही शिक्षिका आणि मोठ्या मुली पुस्तकं एकेक करून धुतल्यासारखी पुसत होतो आणि मैदानात दोऱ्या बांधून त्यांवर वाळत घालत होतो. बाजारात कापडवाल्याने सगळे तागे रस्त्यावर वाळत घातले होते, त्यामुळे रस्ता इतका रंगीत झाला होता की नवरात्र संपलं तरी संपल्यासारखं वाटत नव्हतं. मंडप पुन्हा उभा राहिला नाही. बायकांनी शेवटच्या दोन दिवशी तहसीलच्या चढावर, मोकळ्या डांबरावर गरबा केला. मीही केला. पाय चिखलाने जड झालेले, पण केला.

नेटवर्क दसऱ्याच्या आदल्या दिवशी नीट आलं. आई रोज माझ्याकडे बघत होती, विचारत नव्हती. तिला विचारायचं नाही असं बाबांनी सांगितलेलं असावं. मी शाळेच्या गच्चीवर जाऊन त्याला फोन केला. आधी मी वाळलेल्या पुस्तकांबद्दल सांगितलं. त्याने नवीन चष्म्याबद्दल सांगितलं. मग मी म्हटलं की मी एक अट घालणार आहे. तो म्हणाला, शाळेची ना, ती कळलीय. मी म्हटलं, ती नाही, दुसरी. लग्न इथे व्हायला पाहिजे, गावात, इंदूरच्या हॉलमध्ये नाही. आरतीला गच्चीवर असलेले सगळे लोक यायला पाहिजेत.

मग फोन बाजूला धरून त्याने घरात कोणाला तरी काहीतरी विचारलं. पलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि काकूंनी फोन घेतला.

“माघात कर,” त्या म्हणाल्या. “थंडीत म्हशी दूध चांगलं देतात. खवा घरचा होईल.”

त्यांना हो म्हटलं की त्याला, हे आजही नीट सांगता येत नाही. त्या अकरा मुलींपैकी नऊ जणींनी गणित घेतलं. मी सकाळी साडेसहाची बस पकडते, महूपर्यंत तो बरोबर असतो, आणि त्याचा डोळा रोज माझ्या खांद्यावर लागतो.